सल्लागार नको म्हणतात

खांदेश्वरच्या 'मैत्री' सोसायटीत कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना तोंडपाठ. तळमजल्यावरच्या हरेशकडे माशांची मोठी काचेची पेटी आहे, दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी चंद्रशेखर यांच्याकडे सोसायटीचा शिक्का आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाजीराव वाव्हळे यांच्याकडे सल्लागार आहे.

सल्लागार म्हणजे कोपऱ्यावर उभं राहून फुकट सांगणारा नव्हे, तसे सोसायटीत अठ्ठावीस फ्लॅट भरून आहेत. हा पगारी. वाशीच्या 'सुफल संपत्ती' नावाच्या कंपनीचा, काचेच्या ऑफिसात बसणारा, वर्षाची फी घेणारा आर्थिक सल्लागार. बाजीराव तुर्भ्याला पत्र्याचे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी हेडक्लार्क म्हणून बाहेर पडले. एवढ्या काळात एकही ड्रम त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर गेला नाही. पैशांचंही त्यांनी तेच धोरण ठेवलं होतं, आणि त्यासाठी हा सल्लागार फार उपयोगी पडायचा.

म्हणजे बघा. चंद्रशेखर इमारतीच्या रंगासाठी जादा वर्गणी मागायला आले की बाजीराव चष्मा काढून म्हणायचे, "द्यायला काय हो, आत्ता दिले असते. पण आमच्या सल्लागारांना विचारावं लागेल." दोन दिवसांनी जिन्यात भेट झाली की चेहरा पाडून, "सल्लागार नको म्हणतात." परभणीहून मेहुणा शहाजी पाण्याच्या बाटल्यांच्या धंद्यात भागीदारी घेऊन आला, तेव्हाही सल्लागार नको म्हणाले. शहाजीनं सल्लागाराचा नंबर मागितला. बाजीराव म्हणाले, ते परस्पर कुणाशी बोलत नाहीत.

यात खोटं काही नव्हतं. सल्लागार खरोखरच कुणाशी बोलत नव्हते. बाजीरावांशीसुद्धा! सहा वर्षांपूर्वी कारखान्यात एक टायवाला मुलगा आला होता, त्यानं फॉर्म दिला, बाजीरावांनी भरला, सही केली आणि विषय संपला. त्यानंतर ना फोन, ना भेट. बाजीरावांनीही कधी स्वतःहून विचारलं नाही. एक तर सल्ला मागणं हे त्यांना जरा कमीपणाचं वाटायचं, कारण डिस्पॅचमध्ये सल्ला द्यायचा मान त्यांचाच होता. आणि दुसरं म्हणजे सल्लागाराकडून काही कळत नाही त्या अर्थी सगळं ठीकच चाललं असणार, असा त्यांचा हिशेब होता.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं, पण रखमाबाईंना यात्रेला जायचं होतं.

रखमाबाई म्हणजे बाजीरावांच्या पत्नी. त्यांच्या महिला मंडळाची दर डिसेंबरात धम्मयात्रा निघते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर. माणशी एकवीस हजार, दोन वेळचं जेवण आणि चहा धरून. मंडळातल्या सगळ्या जणी जोडीनं जाऊन आल्या होत्या, काही दोनदा. रखमाबाईंनी दोन वर्षांपूर्वी विषय काढला तेव्हा बाजीराव म्हणाले, विचारून सांगतो. सल्लागार नको म्हणाले. मागच्या वर्षी परत काढला. सल्लागार परत नको म्हणाले, "बाजार सध्या खाली आहे" असं कारणही दिलं. रखमाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. एवढा काचेच्या ऑफिसातला माणूस म्हणतो तर खरं असेल, असं म्हणून त्यांनी दोन्ही वेळा बॅग परत माळ्यावर टाकली.

यंदा मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. ऑक्टोबर संपायला पाच दिवस राहिले असताना, नाव द्यायची मुदत एकतीस तारखेची, त्या पासबुक घेऊन सरळ बँकेत गेल्या आणि मशीनमध्ये घालून सहा वर्षांच्या नोंदी छापून आणल्या. घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

"अहो, हे चौदा हजार एकशे साठ काय हाय?"

बाजीराव पेपर वाचत होते. "कुठलं?"

"दर नोव्हेंबरच्या एक तारखेला गेलेत. एक, दोन, तीन..." रखमाबाईंनी बोटानं सहा मोजले. "कुणाला जातेत?"

"ती फी आहे सल्लागारांची. बारा हजार. वरचा जीएसटी."

"म्हंजी मला यात्रेला नको म्हणायचे आपण त्यांला पैसे देतो?"

आता या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, सांगा. बाजीरावांनी "तू असं म्हणू नको, त्याची एक पद्धत असते" असं काहीतरी सुरू केलं. रखमाबाईंनी ते पुरं होऊ दिलं नाही. "लावा फोन," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर लावा. मला त्यांच्या तोंडातून ऐकायचंय, रखमानं बुद्धाच्या पायाशी का जायचं नाही ते. आन् नाही लावत तर ही फी बंद करा. एक तारखेला चौदा हजार गेले आन् माझं यात्रेत नाव नसलं, तर मी डिसेंबरात परभणीला भावाकडं जाते. जेवणाचं तुमच्या सल्लागाराला विचारा."

फोन लावायचा तर कुणाला? सल्लागाराचं नाव पुरुषाचं की बाईचं, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. आणि फोन लागलाच, तर दोन वर्षांची थाप तिथल्या तिथे उघडी पडणार. त्यापेक्षा गुपचूप फी बंद करून टाकावी, वाचलेल्या पैशांत थोडे घालून हिला यात्रेला धाडावं आणि सल्लागारांची बदली झाली म्हणून सांगावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बंद करण्याला असा कितीसा वेळ लागणार?

रात्रीत ही बातमी सोसायटीत कशी पोहोचली ते कळायला मार्ग नाही, पण सकाळी दूध घ्यायला उतरलेल्या बाजीरावांना हरेशनं गाठलं. "काका, टेन्शन घेऊ नका. कार्ड ब्लॉक करून टाका. माझ्या जिमचे पैसे असेच कापत होते. कार्ड ब्लॉक केलं, खातं बदललं, नोकरी बदलली. अजून कापतात, पण कमी."

चंद्रशेखर कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा अर्जावर फार विश्वास. "वाव्हळे, तोंडी काही बोलू नका," ते म्हणाले. "अर्ज करा. तीन प्रतींत. विषय, संदर्भ, महोदय. पोच घ्या. पोच नसेल तर माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा सिद्ध होत नाही." आणि हळूच पुढे म्हणाले, "पण तुम्ही बंद करताय हे सल्लागारांना विचारलंत का?"

बाजीरावांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना चढले.

तीन प्रती घेऊन ते आधी बँकेत गेले. बँकेतली मुलगी म्हणाली, "कापायची परवानगी तुम्हीच दिलीय काका. बंद करायला अर्ज द्या, सात कामाचे दिवस लागतात." बाजीराव म्हणाले, पैसे तर चार दिवसांनी जाणार. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी नक्की बंद होतील." त्यांनी पोच मागितली तर तिनं काउंटरवरचा पेन दोरीसकट पुढे केला आणि म्हणाली, तुमच्या प्रतीवर तुम्हीच तारीख टाका.

मग वाशी. 'सुफल संपत्ती'चं ऑफिस सातव्या मजल्यावर. आत इतका गारवा की बाजीरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. टेबलामागे दीपेश नावाचा तरुण बसला होता. त्यानं पाणी विचारलं, कॉफी विचारली, कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि एकदम उभाच राहिला.

"बाजीराव वाव्हळे सर? तुम्ही? अहो, तुम्ही आमचे सगळ्यात जुने ॲक्टिव्ह क्लायंट! तुमच्या सल्लागार मनस्वी मॅडम तर ट्रेनिंगमध्ये तुमचं उदाहरण देतात."

"माझं?"

"दर तीन महिन्यांनी कॉल. एकदाही चुकवला नाही. मागच्या महिन्यात बेचाळीस मिनिटं बोललात, सर!"

बाजीराव आयुष्यात कुणाशी फोनवर बेचाळीस मिनिटं बोलले नव्हते. साखरपुड्यानंतर रखमाबाईंशीसुद्धा नाही, तेव्हा फोनच नव्हता. ते म्हणाले, "बाळा, काहीतरी घोटाळा आहे. मी तुमच्याशी एक अक्षर बोललेलो नाही. आणि मला हे बंद करायचंय."

दीपेशचा चेहरा बदलला. तो परत बसला आणि कॉफी थोडी आपल्याकडे ओढून घेतली. "ओके. बंद करायला रजिस्टर मोबाईलवर ओटीपी जाईल, तो सांगा. आणि त्याआधी त्याच मोबाईलवरून सल्लागारांशी एकदा बोलावं लागतं. बंद करावं की नाही, याचा सल्ला घ्यायला. तो फीमध्ये धरलेला असतो."

बाजीरावांनी आपला मोबाईल काढून टेबलावर ठेवला. दोघं त्याच्याकडे बघत बसले. मोबाईल काही बोलेना.

"तुमच्या नंबरचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस ना?" दीपेशनं विचारलं.

"बारा."

"आमच्याकडे सत्तेचाळीस आहेत."

"मग ते बदला."

"बदलायला सत्तेचाळीसवर ओटीपी जाईल."

"बरं, पूर्ण नंबर तरी सांगा."

"नाही सांगता येत, सर. क्लायंटची गुप्तता आहे."

"अरे, क्लायंट मी आहे!"

"तेच तर सिद्ध व्हायचंय," दीपेश अगदी अदबीनं म्हणाला. बाजीरावांनी आधार दाखवलं, पॅन दाखवलं, कारखान्याचं जुनं ओळखपत्र दाखवलं ज्यात त्यांना मिशा होत्या. दीपेशनं सगळं बघितलं आणि मान हलवली. "कागद बरोबर आहेत, काका." सरांचे काका झाले होते ते बाजीरावांच्या लक्षात आलं. "पण वाव्हळे सर असं बोलत नाहीत. मी त्यांचे कॉल जोडून देतो, मला आवाज माहीत आहे. फार प्रेमळ माणूस. मॅडमना दर वेळी पहिलं विचारतात, 'जेवलीस का पोरी?'"

खरे वाव्हळे आपल्यापेक्षा प्रेमळ आहेत हे ऐकून बाजीराव जे अपमानित झाले, ते कॉफी न पिताच उठले. अर्जाच्या तीनही प्रती परत त्यांच्याच हातात होत्या.

सोसायटीत हाहाकार झाला. "तुमच्या नावानं दुसराच बाजीराव फिरतोय!" चंद्रशेखर म्हणाले आणि त्यांना पोलिसांना द्यायच्या अर्जाचा मसुदा तिथेच सुचू लागला. हरेशनं मोबाईल बंद करून तांदळात ठेवायला सांगितलं. का, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. तिसरा मजला चढता चढता बाजीरावांना आपण खरंच आपण आहोत ना, अशी शंका येऊन गेली.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. थोडं गाळून, पण बरंचसं. रखमाबाई मेथी निवडत होत्या. "जेवलीस का पोरी" हे ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"तुमी त्या फॉर्मवर नंबर कुणाचा लिहिला?"

"कुणाचा म्हणजे? माझाच!"

घरातले सगळे फॉर्म मुलगी संघप्रिया भरते, गॅसपासून मतदार यादीपर्यंत. बाजीरावांनी स्वतःच्या हातानं भरलेला हा एकच. रखमाबाईंनी लाईट बिलाची पाठकोरी बाजू आणि पेन त्यांच्यासमोर ठेवला.

"लिहा बरं. इचार नका करू, झटक्यात लिहा. नाव. पत्ता. संपर्क."

बाजीरावांनी लिहिलं. तीस वर्षांचं सराईत अक्षर, खाली रेघ. रखमाबाईंनी कागद वाचून परत त्यांच्यापुढे सरकवला. संपर्कापुढे दहा आकडे होते आणि शेवटी होते सत्तेचाळीस.

हात त्यांचा, अक्षर त्यांचं, नंबर दादूचा.

दादू म्हणजे दादू म्हात्रे. जासईचा. कारखान्याचा माल बंदराकडे जायचा, तो तिकडच्या यार्डात उतरवून घेणारा कंपनीचा माणूस. ट्रक निघाला की बाजीराव बिल्टी फाडायचे, म्हणजे ट्रकवाल्याला द्यायची मालाची पावती, आणि प्रत्येक बिल्टीवर संपर्काच्या जागी दादूचा नंबर घालायचे. दिवसाला तीस-चाळीस बिल्ट्या, वर्षानुवर्षं. तो टायवाला मुलगा आला तेव्हा गेटवर सात ट्रक उभे होते. दोन बिल्ट्यांच्या मधे बाजीरावांनी फॉर्म भरला होता.

"माणूस तर मी आधीच वळखला," रखमाबाई म्हणाल्या. "तुमी घरी नसलं की दादूभाऊंचा फोन यायचा. मला बी तेच इचारायचे. जेवलात का वहिनी."

दुसऱ्या दिवशी दोघं जासईला निघाले. बाजीराव एकटेच जाणार होते, पण रखमाबाई आधीच चप्पल घालून दारात उभ्या होत्या. रिक्षात बाजीरावांनी भाषणाची तयारी केली. हे तुला शोभतं का दादू. माझ्या नावावर तू सहा वर्षं. पंच्याऐंशी हजार रुपये, चाळीस कमी. दोन्ही बाजूंना कंटेनर रचलेले, पुढे मागे ट्रेलर, आणि मधे रिक्षात बाजीराव हातवारे करत होते.

दादूचं घर बघून भाषणाची पहिली ओळच गेली. बैठं घर होतं, तिथे आता दोन मजली टुमदार इमारत. खाली दोन गाळे भाड्यानं दिलेले. दादू ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. बाजीरावांना बघून तो उठला तो धावतच आला.

"साहेब! अगं दमयंती, बाहेर ये, कोन आलाय बघ! साहेब आलं!"

बायको दमयंती बाहेर आली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बाजीराव नको नको म्हणेपर्यंत दोघंही त्यांच्या पाया पडले. पाया पडून घेतल्यावर माणसाला रागाचं भाषण करता येत नाही. तुम्ही करून बघा.

"वहिनी, जेवलात का?" दादूनं विचारलं. रखमाबाईंनी बाजीरावांकडे एकदा बघितलं.

मग दादू बोलत सुटला. सहा वर्षांपूर्वी त्याच्या वाटणीची जमीन यार्डवाल्यांनी घेतली आणि हातात एकदम पैसा आला. "माझे भावाकडं पन तेवढाच आला, साहेब. त्यानं दोन गाड्या घेतल्या. एक फिरवायला, एक दारात उभी ठेवायला. आता दोन्ही नाय. मी पन बुलेट बघून आलो होतो. त्याच आठवड्यात मॅडमचा फोन. बोलल्या, बाजीराव सर का? मी बोललो, नाय, मी दादू. त्या बोलल्या, नंबर तर हाच हाय. मी फोन ठेवला आनि दमयंतीला बोललो, साहेबांनी आपल्यासाठी मानूस लावलाय! आपल्याला अक्कल नाय, पैसा उडवंल, म्हनून साहेबांनी स्वतःच्या नावानं फी भरलीय. तवापासून फोनवर मी पन बाजीरावच! बोलून दाखवनारा मानूस नाय तो!"

"मग मला सांगितलं का नाहीस?" बाजीराव कसेबसे म्हणाले.

"सांगितला ना! तुमच्या रिटायरच्या कार्यक्रमाला. मी बोललो, साहेब, त्या मॅडमचे लय उपकार झाले. तुमी बोललात, असू दे असू दे."

बाजीरावांना आठवलं. त्या दिवशी हार गळ्यात होता, आणि ते प्रत्येकालाच असू दे असू दे म्हणत होते.

दमयंतीनं आतून तबक आणलं. शाल आणि नारळ. "चार वर्सं झाली, घेऊन ठेवलीय," ती म्हणाली. "हे बोलायचे, साहेबांना घरी बोलवून देऊ. तुमी नसतात तर आज मी गाळं भाड्यानं देत नसते, भाड्यानं राहत असते." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शाल बाजीरावांच्या खांद्यावर आली. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, वर पंखा, आणि बाजीराव शाल पांघरून ताठ बसले. त्यांचा ऊर भरून आला होता. सहा वर्षं आपण एवढे थोर आहोत आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही! "माणसानं माणसाला मदत करायची असते, दादू," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

रखमाबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "आमी ओटीपी घ्यायला आलोय."

रखमाबाईंनी सगळं सांगितलं. बिल्टी, फॉर्म, सत्तेचाळीस, एक तारीख. काही गाळलं नाही. बाजीराव शालीच्या काठाचे धागे मोजत होते. ही आता उठून शाल काढून घेईल, असं त्यांना वाटलं. दादू मात्र मोठ्यांदा हसला. मग त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजी साहेबांनी येकदा पन सल्ला घेतला नाय?"

"एकदाबी नाही."

"सहा वर्सं?"

"फी भरून," रखमाबाई म्हणाल्या.

दादूनं मोबाईल काढला. "बंद करायच्या आधी मॅडमशी बोलायला लागतंय ना? मंग इचारू." आणि बाजीरावांनी हात पुढे करायच्या आत त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकलासुद्धा.

"जेवलीस का पोरी?"

"हो सर! तुम्ही?" पलीकडून मनस्वी मॅडमचा प्रसन्न आवाज आला.

"मॅडम, येक मानूस हाय. माझ्या ओळखीचा. सहा वर्सं सल्ल्याची फी भरतो, पन सल्ला घेत नाय. त्यानं काय करावं?"

मनस्वी मॅडम हसल्या. "असं कोण आहे हो, सर? त्यांना सांगा, आजच बंद करा. आणि जमलं तर विचारा, की सल्ला घ्यायला घाबरता कशाला."

बाजीरावांचे कान लाल झाले. दादू पुढे काही बोलणार, तोवर रखमाबाई मोबाईलपाशी वाकल्या. "मॅडम, मी बायको बोलते. वाव्हळ्यांची. तुमी बोधगयेच्या यात्रेला नको का म्हणालात?"

"मी?" पलीकडे मॅडम गोंधळल्या. "नाही हो वहिनी! उलट मागच्या दिवाळीत सरांनीच मला विचारलं होतं, आता पगार नाही, खर्चाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, बायकोला फिरायला न्यायचंय पण पैसे संपले तर? मी सगळं मांडून दाखवलं. म्हटलं, सर, एवढ्यासाठीच तर साठवलंत. जाऊन या. आणि तुम्ही जाऊनही आलात ना? मला फोटो पाठवला होता."

दादूनं हळूच भिंतीकडे बोट केलं. फोटोत दादू आणि दमयंती बर्फात उभे होते, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या लाल टोप्या. दमयंती लाजून हसत होती.

रखमाबाईंनी उठून तो फोटो जवळून बघितला. मग त्यांनी बाजीरावांकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बाजीरावांना पुष्कळ बरं वाटलं असतं.

"सल्लागार नको म्हणतात, होय?" त्या एवढंच म्हणाल्या.

बाजीरावांनी शाल काढली आणि घडी करून मांडीवर ठेवली. "मलाही तसाच गोळा येतो गं," ते म्हणाले. "रिटायर झाल्यापासनं. पगाराची एक तारीख गेली आणि वाटायला लागलं, आता जे गेलं ते गेलं, परत येणार नाही. भीती वाटते असं कुणाला सांगायचं? म्हणून त्याचं नाव पुढे करायचो."

"मला सांगायचं," रखमाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला?"

फोन अजून चालूच होता. "सर?" मनस्वी मॅडम म्हणाल्या. "तिथे नक्की कोण कोण आहे?"

मग सगळं नीट उलगडून सांगायला बेचाळीस मिनिटं लागली. बाजीरावांची फी बंद झाली, दादूनं ओटीपी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला आणि लगेच आपल्या नावानं नवं खातं उघडून आपल्या पैशानं फी भरली. जुने पैसे परत देतो म्हणून तो हटून बसला. बाजीरावांचं "छे छे" जरा बारीक आवाजात निघालं, पण रखमाबाईंनी ते उचलून धरलं. "असू द्या दादूभाऊ. ह्यांच्या हातनं नकळत का हुईना, एक चांगलं काम झालंय." निघताना दमयंतीनं सुका जवळा आणि बोंबील बांधून दिले. शाल बाजीराव विसरत होते, ती रखमाबाईंनी घेतली.

खांदेश्वरला परतल्यावर बाजीरावांनी चंद्रशेखरांना रंगाची वर्गणी दिली. चंद्रशेखरांनी दोनदा मोजली आणि काळजीनं विचारलं, "सल्लागार काय म्हणाले?" बाजीराव म्हणाले, "सल्लागार आता जासईला असतात." आणि तिथून ते थेट महिला मंडळाच्या ऑफिसात गेले. एकटेच. रखमाबाईंना स्वतःच्या हातानं नाव नोंदवून चकित करायचं होतं. पुढे पाच-सहा जण रांगेत उभे होते, मुदत संपत आलेली, टेबलावर गडबड. बाजीरावांनी झरझर फॉर्म भरला, दोन माणसांचे बेचाळीस हजार भरले, पावती खिशात घातली आणि घरी येऊन ती रखमाबाईंच्या पुढ्यात ठेवली. रखमाबाईंनी पावती वाचली, पदरानं डोळे पुसले आणि स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढायला लागल्या. बाजीराव स्टूल धरून उभे राहिले.

तेवढ्यात बाजीरावांचा फोन वाजला. रखमाबाईंनी वरूनच "स्पीकरवर टाका" म्हटलं. आता घरात तो नियमच झाला होता.

"साहेब, यात्रेचा मेसेज आलाय," दादूचा आवाज आला. "दोन शिटा पक्क्या. वहिनींना खालचा बर्थ हाय, पन तुमाला येकदम वरचा दिलाय. तुमच्या गुडघ्यानं जमायचा नाय. मी मंडळात फोन करून बदलून घेतला. आनि तिकडं थंडी लय असते, ती शाल घ्या बरोबर. वहिनी जेवल्या का?"

रखमाबाई स्टुलावर बॅग छातीशी धरून उभ्या, आणि खाली नवऱ्याकडे बघत राहिल्या. बाजीरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "याला म्हणतात सल्लागार. आणि वर जीएसटीसुद्धा नाही."